इंजिन उघडण्याआधी: कॉम्प्रेशन आणि स्पार्क प्लगवरून पेट्रोल गाडीची तपासणी

गाडीचा पिकअप कमी झाला, ॲव्हरेज पडले किंवा इंजिन ऑईल वारंवार भरावे लागू लागले, की गॅरेजमध्ये "इंजिनकाम निघालंय" हे वाक्य कानी पडण्याची शक्यता बरीच असते. कधी ते खरे असते. कधी मात्र दोष टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये, झिजलेल्या प्लगमध्ये किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये असतो आणि मोठ्या खर्चाचे काम विनाकारण गळ्यात पडते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा इंजिनाचा भाग, न काढता इंजिनाच्या आतली स्थिती सांगणारे दोन पुरावे घरच्या अंगणातही मिळवता येतात. एक म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब (कॉम्प्रेशन) आणि दुसरा म्हणजे त्याच सिलिंडरमधून काढलेल्या स्पार्क प्लगचे टोक. हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत, असा या लेखाचा आग्रह आहे. कारण इंजिन चालू असताना आत काय जळत होते हे प्लग सांगतो, तर सिलिंडर हवा धरून ठेवतो की नाही एवढेच दाब मोजणारे गेज सांगते. एकट्याच्या साक्षीवर दिलेला निकाल पुष्कळदा चुकतो.

उदाहरणासाठी मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन डोळ्यांसमोर ठेवले आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीची रचना साधी आहे, टॅपेट स्क्रूने जुळवता येतात आणि नवशिक्याला हात बसवायला ती उत्तम आहे. पद्धत मात्र कोणत्याही पेट्रोल गाडीला लागू पडते. डिझेल इंजिनाला हेच गेज चुकूनही लावू नये; तिथला दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक असतो आणि त्यासाठी वेगळे, अधिक क्षमतेचे गेज मिळते.

साहित्य

प्लग काढण्यासाठी आतून रबर असलेली प्लगची गोटी, एक्स्टेन्शन आणि रॅचेट लागते. जुन्या प्लगना बहुधा २१ मिलिमीटरची आणि अलीकडच्या बऱ्याच प्लगना १६ मिलिमीटरची गोटी बसते. १४ मिलिमीटर हे माप सहसा प्लगच्या आट्यांचे असते, त्यामुळे दुकानात गोंधळ होऊ देऊ नये. याशिवाय फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, चिकटपट्टी, स्वच्छ फडके, तेलाची पिचकारी आणि शक्य असल्यास टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) जवळ ठेवावा.

कॉम्प्रेशन गेज दोन प्रकारचे असते. एकाचे रबरी टोक प्लगच्या भोकावर दाबून धरावे लागते, दुसऱ्याची नळी प्लगच्या जागी आट्यांनी बसते. नवशिक्याने दुसरेच घ्यावे, कारण दाबून धरलेले टोक जरासे कलले तरी आकडा घसरतो आणि निरोगी सिलिंडर आजारी ठरतो. नळीच्या टोकाशी एक बारीक व्हॉल्व्ह असतो, जो प्रत्येक ठोक्याचा दाब आत कोंडून ठेवतो. तो टायरच्या व्हॉल्व्हसारखाच दिसतो, पण त्याची स्प्रिंग फार हलकी असते. तो हरवल्यावर कोणी टायरचा व्हॉल्व्ह बसवला असेल, तर ते गेज सगळ्याच सिलिंडरचा दाब कमी दाखवते. उसन्या आणलेल्या गेजमध्ये ही गोष्ट आधी तपासावी.

तयारी

बॅटरी पूर्ण चार्ज असली पाहिजे. गाडी बंद असताना तिचे व्होल्टेज साधारण १२.६ असावे. बॅटरी मलूल असेल तर सेल्फ (स्टार्टर) हळू फिरतो, पिस्टनच्या वर हवा दबायला अधिक वेळ लागतो, तेवढ्यात ती पिस्टनभोवतीच्या रिंगांवरून निसटते आणि सगळे आकडे खाली येतात.

इंजिन चालवून नेहमीच्या तापमानाला आणावे, कारण धातू प्रसरण पावल्यावरच रिंगा आणि सिलिंडरची तोंडे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह आपापल्या जागी नीट बसतात. त्यानंतर बंद करून, हेडजवळ हात नेणे सुसह्य होईपर्यंत थांबावे. ॲल्युमिनियमचे हेड चटके बसण्याइतके तापलेले असताना प्लग ओढून काढले, तर हेडमधले आटे प्लगबरोबर बाहेर येण्याचा धोका असतो, आणि तो खर्च या तपासणीतून वाचणाऱ्या पैशांपेक्षा मोठा आहे.

हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. आता इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद करावयाचे आहे. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि मग कॉइलचे कनेक्टर काढावेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलला जाणारी बारीक वायर सुटी केली की ठिणगी थांबते. ही पायरी कंटाळा करून गाळू नये. उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ उडत असताना जवळच ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. शिवाय न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचेही नुकसान करते.

प्लग काढणे

प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहावा. मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला आणि ठिणगीचा क्रम १-३-२ असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी मिसिंग मारते आणि नवशिका भलत्याच दोषाच्या शोधात निघतो. वायर ओढताना टोपी धरावी, वायर नव्हे. प्लगभोवतालच्या खड्ड्यात साचलेली धूळ आणि वाळू हवेने किंवा ब्रशने साफ केल्यावरच प्लग सैल करावा, कारण तो निघताक्षणी ती वाळू सरळ सिलिंडरमध्ये पडते.

खड्ड्यात तेल साचलेले दिसले तर घाबरून जाऊ नये. ते तेल वरच्या टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा प्लगच्या नळीच्या सीलमधून गळलेले असते आणि प्लगच्या बाहेरच्या अंगाला लागते. पिस्टनच्या रिंगांशी त्याचा संबंध नाही. हा किरकोळ दोष दाखवून इंजिनकाम सुचवले जात असेल, तर ते मान्य करण्याचे कारण नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या बाहेरच्या भागावर, धातूला लागून दिसणारा तपकिरी पट्टाही असाच फसवा आहे: उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्यातून वायू गळत नसतो.

निघालेले प्लग क्रमाने एका पुठ्ठ्यावर मांडून शेजारी क्रमांक लिहावेत आणि दिवसाच्या उजेडात त्यांचा फोटो काढून ठेवावा.

प्लग काय सांगतो

एकटा प्लग पाहण्यापेक्षा तिन्ही प्लग शेजारी ठेवून पाहावेत. तिन्ही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधावा, म्हणजे एअर फिल्टर, कार्ब्युरेटर, चोक किंवा सेन्सर. एकच वेगळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे, आणि गेजचा आकडा खरा उपयोगी पडतो तो इथे.

निरोगी प्लगच्या आतल्या चिनी मातीचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असतो. गॅरेजच्या भिंतीवर लावलेल्या जुन्या तक्त्यांत दिसणारा गडद तपकिरी रंग आजच्या गाडीत शोधू नये. ते तक्ते शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहेत. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले आणि प्लगचा निरोगी रंग बराच फिकट झाला. नुसता पांढरेपणा म्हणजे इंजिन तापले असे नव्हे. चिनी माती पांढरीफटक होऊन तिच्यावर बारीक फोड आले असतील आणि इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या दिसत असतील, तेव्हा मात्र मिश्रणात पेट्रोल कमी असणे, कूलिंगचा दोष, ठिणगीची वेळ पुढे सरकणे किंवा चुकीच्या उष्णता-क्रमांकाचा (प्लग किती लवकर थंड होतो ते सांगणाऱ्या आकड्याचा) प्लग, यांचा विचार करावा. या क्रमांकाची गंमत अशी, की एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग अधिक थंड प्रकारचा असतो, तर बॉशच्या प्लगवर ते नेमके उलट असते. म्हणून कंपनी बदलताना आकडा जुळवून प्लग आणू नये, दुकानदाराकडे गाडीचे मॉडेल सांगून यादीतला पर्याय मागावा.

कोरडी, बोटाने पुसली जाणारी काजळी अधिक पेट्रोलची खूण आहे. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही ती दिसते. अशी गाडी आधी हायवेवर अर्धा तास चालवून मगच प्लग पाहावेत. ओला, काळा आणि चिकट थर इंजिन ऑईलचा असतो. प्लग ओला असून पेट्रोलचा वास येत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसावी. बाकीच्या प्लगवर थोडीफार राख असताना एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसत असेल किंवा त्यावर हिरवट-पांढरी पुटे असतील, तर कूलंट आत शिरत असल्याची शंका घ्यावी आणि रेडिएटरची पातळी कमी होते का ते पाहावे. चिनी मातीचा टवका उडालेला असल्यास तो तुकडा कुठे गेला, हा प्रश्न आधी विचारावा.

दाब मोजणे

सगळे प्लग काढलेले असले पाहिजेत, नाहीतर सेल्फला उरलेल्या सिलिंडरचाही दाब सोसावा लागतो. गेजची नळी पहिल्या सिलिंडरमध्ये फक्त हाताने घट्ट बसवावी; तिच्या टोकाला रबरी रिंग असते, पाना लावण्याची गरज नसते.

आता मदतनीस हवा. त्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) उघडा राहतो आणि सिलिंडरला पोटभर हवा मिळते. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा निरर्थक असतो, आणि घाईत होणाऱ्या चुकांमध्ये हीच सर्वांत सामान्य आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक पूर्ण उघडा ठेवून पेडल एकदाच दाबून तसाच धरावा. पेडल वर-खाली केला तर दर वेळी पेट्रोलची चिळकांडी आत जाते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत पेडल दाबल्यावर आतली झडप खरोखर उघडते का ते डोळ्यांनी पाहावे आणि ती बोटाने ढकलू नये.

मदतनीसाला सेल्फ मारायला सांगून गेजच्या काट्यावर नजर ठेवावी. काटा ठोक्यांनी वर चढतो. पाच ते सात ठोके होऊ द्यावेत, आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच ठोके द्यावेत. दोन आकडे लिहावेत, पहिल्या ठोक्याला काटा कुठे गेला तो आणि शेवटी कुठे थांबला तो. बहुतेक जण फक्त दुसरा लिहितात. निरोगी सिलिंडरमध्ये पहिलाच ठोका काट्याला अर्ध्याहून वर नेतो आणि पुढच्या दोन-तीन ठोक्यांत तो स्थिरावतो. पहिला ठोका कमजोर असून दाब थोडाथोडा चढत गेला तर रिंगांवर संशय घ्यावा. पहिलाही कमजोर आणि पुढेही वाढ जेमतेम, तर व्हॉल्व्हवर.

आकड्यांचा अर्थ

बहुतेक निरोगी पेट्रोल इंजिनांत दाब १५० ते २०० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान येतो आणि तो १०० च्या जवळ घसरला की इंजिन नीट चालत नाही. पण गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले तीन आकडे, म्हणजे प्रमाण दाब, किमान मर्यादा आणि सिलिंडरमधला कमाल फरक, यांनाच प्रमाण मानावे. मॅन्युअलमध्ये किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिले असेल तर त्याला १४.२ ने गुणले की पीएसआय मिळते.

कंपनीचे आकडे समुद्रसपाटीच्या हवेला धरून असतात असे समजावे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, तो १५ टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. गेजचा आकडाही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. मुंबईत १७० दाखवणारे इंजिन महाबळेश्वरला १४५ दाखवील आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल. म्हणूनच एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरमधली तुलना अधिक विश्वासार्ह असते, कारण उंची, बॅटरी आणि गेजची चूक तिन्हींना सारखीच लागू होते. मॅन्युअल हाताशी नसेल तर सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा, हा जुना नियम वापरावा.

समजा, तीन सिलिंडरचे आकडे १७०, १६५ आणि ११० आले. १७० चे ७५ टक्के म्हणजे १२७.५, तेव्हा तिसरा नापास. तिन्ही आकडे सारखेच, पण ११५ च्या आसपास आले, तर तिन्ही सिलिंडर एकाच वेळी एकसारखे झिजले असे मानण्याआधी थ्रॉटल, बॅटरी, गेज आणि टायमिंग बेल्ट तपासावा. बेल्ट एक-दोन दात सरकला असेल तर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात. शेजारचेच दोन सिलिंडर सारखे कमी असतील, तर त्यांच्या मधल्या भागात हेड गॅस्केट फुटले असण्याची शक्यता सर्वाधिक. आकडा प्रमाणापेक्षा बराच जास्त आला तर आनंद मानू नये. पिस्टनवर कार्बनचा थर साचून जागा कमी झालेली असते.

तेल टाकून दुसरी चाचणी

नापास झालेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिलिलिटर इंजिन ऑईल टाकावे, ते पसरण्यासाठी दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा आणि पुन्हा मोजावे. तेल पिस्टनच्या कडेने उतरून रिंगांची फट तात्पुरती बुजवते, पण वरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. ११० चा आकडा १५० वर गेला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. ११५ वरच राहिला तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून जाते आहे.

इथेच पुठ्ठ्यावर मांडलेल्या प्लगकडे पुन्हा वळावे. प्लग पेट्रोलने भिजलेला होता का? तसे असेल तर भिंतीवरचे तेल धुतले गेल्यामुळे दाब कमी आला असेल आणि तेल टाकल्यावर तो वाढणारच. त्यावरून रिंगांना दोष देणे घाईचे ठरेल. आधी ठिणगीचा दोष काढावा, गाडी चालवावी आणि मग मोजावे. उलट प्लग तेलकट असून दाब मात्र चांगला असेल, तर दोन शक्यता उरतात. व्हॉल्व्हचे ऑईल सील कडक झाले असतील, ज्यांचा खर्च इंजिनकामाच्या मानाने किरकोळ असतो. किंवा तेल खरवडणाऱ्या रिंगा कार्बनने जखडल्या असतील आणि वरच्या रिंगा अजून शाबूत असतील. सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, किंवा घाट उतरताना पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर धूर येत असेल, तर सील; चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल तर रिंगा. तेलाने भिजलेला सिलिंडर दाब जरा वाढवूनच दाखवतो, हेही लक्षात असू द्यावे.

प्लग स्वच्छ, दाब कमी आणि तेल टाकूनही वाढ नाही, हे चित्र सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत वारंवार दिसते. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, टॅपेटची फट नाहीशी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. अशा वेळी हेड काढण्याची परवानगी देण्याआधी टॅपेटची फट फिलर गेजने तपासून मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्यावी आणि पुन्हा दाब मोजावा. व्हॉल्व्हची कड जळलेली नसेल तर आकडा एवढ्यानेच वर येतो.

शंका तरीही उरली आणि गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असेल, तर त्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायला सांगावे आणि कान देऊन ऐकावे. सायलेन्सरमध्ये फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आवाज म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, ऑईल भरण्याच्या तोंडातून आवाज म्हणजे रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा चिरलेले हेड. हवा सोडताच इंजिन झटक्याने फिरू शकते, म्हणून बेल्टजवळ हात ठेवू नये.

पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेल्या गाडीसाठी एक वेगळी सूचना. तिला सेल्फ मारूच नये. पाणी दबत नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढून, ठिणगी आणि इंधन बंद करून, मगच सेल्फ मारावा. पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलून गाडी सुरू झाल्यावर दाब मोजावा. रॉड वाकला असेल तर पिस्टन पूर्ण वर जात नाही आणि त्या सिलिंडरचा आकडा कमी येतो.

प्लग परत बसवणे

साध्या निकेलच्या प्लगची फट फिलर गेजने मॅन्युअलमधल्या मापावर आणावी. इरिडियमच्या प्लगला तारेचा ब्रश लावू नये, त्याचे टोक फार बारीक असते. प्लग खोल खड्ड्यात असेल तर त्याच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा चढवून त्यानेच फिरवावा. आटे तिरपे लागले तर पाइप प्लगवर घसरतो आणि हेडचे आटे वाचतात. हाताने पूर्ण बसल्यावर नवीन, वॉशरचा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आवळावा. तोच जुना प्लग परत लावत असाल तर एका फेऱ्याचा बारावा भाग पुरतो, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. टॉर्क पाना असल्यास १४ मिलिमीटर आट्यांच्या अशा प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरेसे आहे.

क्रमांक पाहून वायरी लावाव्यात, कॉइल आणि फ्यूज जागेवर बसवावेत आणि दोन्ही ठोक्यांचे आकडे, तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत. कनेक्टर काढल्यामुळे इंजिनाचा दिवा लागला असेल तर तो स्कॅनरने घालवता येतो. तेल टाकलेल्या सिलिंडरमुळे सुरू करताच निळा धूर येईल. तो काही मिनिटांत ओसरतो. त्यानंतर गाडी चार-पाच किलोमीटर चालवून तो प्लग एकदा पुन्हा काढून पाहावा, कारण चाचणीचे तेल त्याच्यावर चिकटून राहिले असेल तर गाडी विनाकारण मिसिंग मारत राहते.